पाहुण्याची नक्कल

५ जानेवारी

आज प्रतिज्ञा केली आहे: नाशकात आहे तोवर रोजनिशी मराठीतच लिहायची. क्रेओल नाही, फ्रेंच नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. मॉरिशसला आमच्या घरी मराठी उगवते ती गणपतीत. एरवी सगळा कारभार क्रेओलमध्ये. परंतु मी शाळेपासून मराठी विषय घेतला, वक्तृत्वात पहिला आलो, आणि आमच्या कास्कावेल गावात 'ज्ञानेशचे मराठी' हा अभिमानाचा विषय आहे. (त्या गावात मराठी समजणारे किती उरले आहेत, हे मी इथे लिहिणार नाही.)

ते अभिमानाचे मराठी आज स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याला ऐकवले. "महोदय, मला महाविद्यालयाच्या वसतिगृहात जायचे आहे. आपण किती भाडे आकाराल?"

त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "हॉस्टेलला ना? बस ना भाऊ." अर्ध्या वाटेत आरशातून विचारले, "सिरियलमध्ये काम करतो का? देवाधर्माच्या?"

थंडी भयंकर आहे. हिंदुस्थान उष्ण देश आहे असे मला भूगोलाच्या पुस्तकाने सांगितले होते. मी भूगोलाचाच विद्यार्थी आहे. दोन शर्ट एकावर एक घालून लिहीत आहे.

६ जानेवारी

सरिता मॅडम आमच्या विभागाच्या आणि या देवाणघेवाण योजनेच्याही प्रमुख. त्यांनी वर्गात ओळख करून द्यायला उभे केले.

"आडनाव?"

"सखाराम."

"वडलांचं नाव नाही रे, आडनाव."

"तेच आडनाव आहे, मॅडम."

मग सांगावे लागले: दीडशे वर्षांपूर्वी सखाराम नावाचा कोणी गृहस्थ रत्नागिरीकडून बोटीत चढला, उसाच्या मळ्यात मजुरीला. उतरल्यावर कारकुनाने आडनाव विचारले असेल, त्याला कळले नसेल. त्याने नावच परत सांगितले असेल. तेव्हापासून आम्ही सगळे सखाराम, माझी आत्यासुद्धा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आडनावासाठी टाळ्या मिळण्याची माझी ही पहिलीच वेळ. आवडले, खोटे का बोलू?

योजना अशी आहे की मी इथे एप्रिलअखेरपर्यंत, आणि जूनमध्ये इथला एक विद्यार्थी आमच्या विद्यापीठात जाणार, आमच्याच घरी राहणार. निवड मार्चमध्ये, मुलाखत घेऊन.

खोलीत माझ्याबरोबर किशोर आहे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, तोही भूगोलाचाच. कोकणा समाजाचा आहे असे त्याने सांगताच मी आनंदाने उडालो. "आम्हीही कोकणातलेच!"

तो म्हणाला, "आमी कोकणा. कोकणातले नाय. डोंगरातले."

हे नीट समजले नाही, पण त्याने स्वतःची जाड घोंगडी मला दिली आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

११ जानेवारी

माझ्या मराठीत आज भर पडलेले शब्द: लय, नाय, भारी, कटवणे, 'चल ना यार'. शेवटच्यात मराठी कोणते ते शोधतो आहे.

किशोर रात्री दिवा मालवण्याआधी माझी वाक्ये दुरुस्त करतो. "'आपण भोजन केलेत का' नाय म्हणायचं. 'जेवला का' म्हण." मी म्हटले, "हे तर सोपे आहे." तो म्हणाला, "सोपं नाय. मी पण पाचवीत शिकलो. घरी आमची बोली. मास्तर बोलायचा ते पयल्या वर्षी कायच कळलं नाय."

म्हणजे मराठी त्यालाही शिकावी लागली. मला गंमत वाटली. वर्गात मात्र तो फारसा तोंड उघडत नाही. लाजाळू स्वभाव असावा.

खानावळीत त्याला सगळे प्रेमाने 'नागली' म्हणतात, कारण त्यांच्याकडे नागलीची भाकरी खातात. मीही म्हणू लागलो आहे. तो मागे वळून न बघताच 'ओ' देतो.

१४ जानेवारी

येवला! वर्गातली स्नेहल हिच्या मामाकडे आम्ही आठ जण संक्रांतीला गेलो. अख्खे गाव गच्चीवर, ढोल, हलगी, आणि आभाळात जागा शिल्लक नाही. मी सरासरी दर मिनिटाला एक पतंग गमावला. मामा शेवटी म्हणाले, "राहू द्या, तुम्ही चक्री धरा." चक्रीही उलटी धरली होती.

किशोरला बोलावणे नव्हते. त्याला पतंगांची आवड नसावी. परत आलो तेव्हा खिडकीशी बसून होता. विचारले, "किती वर जातो रं पतंग तिकडं? दोरा संपतो का?" मी बोटांना मलम लावत त्याला सगळे वर्णन करून सांगितले. त्याने अगदी शेवटपर्यंत ऐकले.

२७ जानेवारी

किशोरच्या पाड्यावर दोन दिवस राहून आलो. लिहिण्यासारखे बरेच आहे.

नाशिकहून पेठची एसटी, मग जीप, जिच्यात मी एका शेळीच्या शेजारी होतो (शेळी खिडकीकडे), मग पायवाट. कुडाचे घर, सारवलेले अंगण. किशोरचे वडील मंगळू गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, शिमग्यालाच येणार. आई भागीबाईही दरवर्षी जाते, यंदा गुडघ्याने थांबवले. एक पाय ओढत चालते, पण थांबत नाही.

तहान लागली होती. मी माझे सर्वोत्तम मराठी काढले. "कृपया मला थोडेसे पेयजल मिळू शकेल का?" भागीबाईने किशोरकडे बघितले. किशोर म्हणाला, "पाणी दे त्याला."

नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचे वरण. "खा पोसा, खा," म्हणत ती वाढतच राहिली. पोसा म्हणजे मुलगा.

जेवण झाल्यावर शेजारचे पाच-सहा जण आले आणि मॉरिशसबद्दल विचारू लागले. मी समुद्राबद्दल सांगत होतो. सकाळीच आईने फोनवर सांगितले होते की चक्रीवादळाचा इशारा आहे, ती एकटीच खिडक्यांना फळ्या ठोकते आहे. ते मध्येच आठवले आणि मला पुढे बोलता येईना. तेव्हा भागीबाईने एकदम विचारले, "तुमच्याकडं जायाला येष्टी आहा का?"

सगळे हसले. किशोरही. मी मात्र हसलो नाही. तिला नीट समजावून दिले की मध्ये हिंदी महासागर आहे, बस जाऊ शकत नाही, विमानच हवे. तिने अत्यंत गंभीरपणे मान डोलावली. बिचारी.

तोवर माझे मन थाऱ्यावर आले होते.

९ फेब्रुवारी

२७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. मॅडमनी मुख्य भाषण मला दिले आहे! किशोरने आधी नाव दिले होते, त्याला बोलींवर बोलायचे होते. पण मॅडम म्हणाल्या, "सातासमुद्रापारचा मराठी मुलगा बोलला तर पेपरात फोटो येईल." किशोरला विचारले तर म्हणाला, "तूच बोल." मोठ्या मनाचा आहे.

तो मॉरिशसच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. त्याचा विषय: ऊसतोडीला घर सोडून जाणारे लोक, तुमचे तेव्हाचे आणि आमचे आत्ताचे. मी म्हटले, विषय जरा रुक्ष आहे, समुद्रकिनारे आणि पर्यटन असे काही घे. त्याने अर्जाची घडी घातली. मग म्हणाला, "बघतो."

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस मी म्हातारपणी नातवंडांना सांगणार.

शाल, श्रीफळ, तुतारी. सभागृह भरलेले. सखाराम बोटीतून कसा उतरला, उसाच्या मळ्यात राबून त्याने जाखडी आणि आरत्या कशा जपल्या, हे सांगितले. टाळ्या! 'मजुरांचे रक्त' या शब्दांवर पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. पण मग मराठीचे व्याकरण आणि क्रेओलचे व्याकरण यांची तुलना सुरू केली (चूक), आणि मागच्या रांगा हळूहळू निळ्या उजेडाने चमकू लागल्या. मोबाइल. पुढच्या रांगेत एकाने जांभई दिली आणि ती संसर्गासारखी पसरली. मी घाबरलो.

आणि मग मला सुचले! सत्काराची शाल डोक्यावरून पदरासारखी घेतली, एक पाय ओढत व्यासपीठावर चाललो, आणि म्हणालो, "खा पोसा, खा!" पाठोपाठ, "तुमच्याकडं जायाला येष्टी आहाऽऽ का?"

सभागृह कोसळले. शिट्ट्या. मोबाइल सगळे वर, यावेळी माझ्याकडे वळलेले. मला आणखी दोनदा करावे लागले. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होते हसून.

किशोर तिसऱ्या रांगेत होता. तोही हसत असावा, मान खाली होती.

२८ फेब्रुवारी

सकाळी उठलो तर किशोर घरी गेलेला. सांगून गेला नाही. आईचा गुडघा दुखत असेल.

१ मार्च

कॅन्टीनमध्ये तीन अनोळखी मुलांनी चहा पाजला. मग स्नेहल येऊन बसली. ती हसत नव्हती.

"किशोरला विचारून केलंस ते?"

"काय?"

"त्याच्या आईचं."

मी म्हटले, विनोदाला परवानगी कशी मागणार? शिवाय ते प्रेमाने केले होते. मला भागीबाई आवडते.

"तुझ्या आडनावावर कोणी असं स्टेजवर केलं असतं तर?"

"मी स्वतःच करतो ना, रोज!"

"तू करतोस," ती म्हणाली. "तू."

मग तिने कप बाजूला सारला. "संक्रांतीला त्याला बोलवायचं राहिलं नव्हतं, ज्ञानेश. मी नव्हतं बोलावलं. मामांकडे काय म्हणतील म्हणून." आणि उठून गेली.

स्त्रियांचे बोलणे फार गुंतागुंतीचे असते, असे लिहून मी हे पान संपवणार होतो. पण तिचे बोलणे गुंतागुंतीचे नव्हते. म्हणूनच त्रास होतो आहे.

४ मार्च

किशोर दुपारी परत आला. माझ्याशी 'हो' आणि 'नाय' एवढंच. रात्री खानावळीत मी त्याच्यामागे रांगेत होतो. तो ताट घेऊन वळला तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून एक मुलगा ओरडला, "काय नागली, घरी जायाला येष्टी आहाऽऽ का?"

सगळी खानावळ हसली.

तो आवाज माझा होता. म्हणजे ओरडला तो मुलगा, पण लकब माझी. 'आहा' लांबवायचं मी ठरवलं होतं, हशा यावा म्हणून. भागीबाई ते लांबवत नाही. ती छोटंसं, पटकन म्हणते.

किशोरने भरलेलं ताट टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. मी काय केलं? मी रांगेत पुढे सरकलो आणि भात वाढून घेतला. हे लिहिताना माझा मलाच विश्वास बसत नाही, पण मी आमटीही मागितली.

वर आलो तर त्याची खाट रिकामी. दुसऱ्या मजल्यावर एका मित्राच्या खोलीत गेला. घोंगडी मात्र माझ्या खाटेवरच ठेवून गेला होता.

६ मार्च

किशोरने निवडीतून नाव मागे घेतलं आहे, असं स्नेहलकडून कळलं. धावत मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "अरे, निखळ विनोद होता तो! मीही हसले की. त्या मुलांनी थोडं खेळकरपणे घ्यायला शिकायला हवं."

"कोणत्या मुलांनी, मॅडम?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तसं नाही म्हणायचं मला."

"मलाही तसं नव्हतं म्हणायचं," मी म्हणालो.

त्यांनी पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, मुलाखत अठराला आहे, नाव मागे घेतल्याचं अजून पुढे कळवलेलं नाही. "तू बोल त्याच्याशी. तुमचं जमतं."

जमत होतं, मॅडम.

९ मार्च

गेल्या तीन दिवसांत किशोरची माफी मागण्याचे प्रयत्न: एक, जिन्यात. "मला अत्यंत खेद वाटतो," म्हणालो. तो म्हणाला, "ठीक हे," आणि जिना उतरला. दोन, वाचनालयात. तिथे बोलायला बंदी आहे हे त्याने बोटाने पाटीकडे दाखवून सांगितलं. तीन, स्नेहलतर्फे. ती म्हणाली, "तुझं तू बघ." आज तर तो शिमग्याला घरीच गेला.

वक्तृत्वातल्या पहिल्या क्रमांकाच्या सगळ्या ढालींचं मला आता काय करावंसं वाटतं ते लिहीत नाही.

१३ मार्च

पाड्यावरून लिहितो आहे. बोलावणं नव्हतं. गेलो. येताना जीपमध्ये मनात भाषण तयार केलं: प्रस्तावना, पश्चात्ताप, समारोप. (सवय.)

संध्याकाळी होळीची तयारी चालली होती. कुणी लाकडं रचत होतं, पोरं बांबू ओढत आणत होती. मला बघून किशोर जागेवरच थांबला. अंगणात एक वाळका, उंच माणूस बसला होता, तळहातांना चिंध्या बांधलेल्या. मंगळू, किशोरचे वडील; गुजरातेतून कालच आलेले. भागीबाई चुलीशी.

मी भाषणाची प्रस्तावना विसरलो. सरळ म्हणालो, "मावशी, मी तुमची नक्कल केली. स्टेजवर. लय लोक हसले."

"ठावं आहा," ती म्हणाली. "शेजारच्या पोऱ्याच्या मोबाइलवर आला. कर."

"काय?"

"करून दाखव. मोबाइलमधी नीट दिसत नीही."

मी किशोरकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. मी आयुष्यात इतक्या लोकांसमोर बोललो आहे, पण सहा माणसांच्या त्या अंगणात माझे पाय उचलेनात. पाय ओढायचा तर ती समोर पाय पसरून बसलेली. पदराला शाल नाही, म्हणून खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला. "खा पोसा," एवढंच म्हणालो. पुढे गेलंच नाही.

"येष्टीचा राह्यला," भागीबाई म्हणाली.

"मावशी, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं की मी... म्हणजे समुद्र..."

"अरं, मला ठावं नीही का मधी दर्या आहा? हा," तिने नवऱ्याकडे हनुवटी केली, "सुरतेला पाहून आला. पण तू तवा लय गुमान झालता. आईची याद आलती ना? म्हंटला, पोसा हसंल. तर तू मलाच शिकवाया बसला!"

अंगण हसलं. मी उभाच, डोक्यावर टॉवेल.

मग ती भिंतीचा आधार घेऊन उठली. पाठ ताठ केली, हात पोटावर जोडले, मान जरा वाकडी. हे मी असा उभा राहतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आणि नाकातून म्हणाली, "कुरपया... मला थोडेसे... पेयजल... मिळू शकेल काऽऽ?"

लहान पोरं पोट धरून लोळली. एक म्हातारा म्हणाला, "ते शेळीचं कर, शेळीचं!" आणि तिने मी जीपमध्ये शेळीला 'क्षमा करा' म्हणालो होतो तेही केलं. जानेवारीपासून हा खेळ पाड्यावर चालू आहे. फर्माईश होते. मी हसलो, मग हसता हसता माझे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "जेवला का?"

किशोर हसला नाही.

जेवताना मंगळूनी विचारलं, "तुमच्याकडं ऊस आता कोण तोडतं?"

मी म्हणालो, बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली. आणि मजूर बाहेरून येतात, बांगलादेशातून, मादागास्करहून.

"तुमच्या घरचं कोण जातं?"

"आता कोणी नाही. बाबा बँकेत होते."

"मंग बरं," ते म्हणाले आणि चिंधी बांधलेल्या हाताने भाकरीचा तुकडा मोडू लागले. तो मोडेना. भागीबाईने न बोलता त्यांच्या ताटातली भाकरी घेतली आणि चुरून दिली.

व्यासपीठावर मी 'मजुरांचे रक्त' म्हणालो होतो तेव्हा किती टाळ्या पडल्या होत्या. आत्ता कोणी वाजवल्या नाहीत.

१४ मार्च

सकाळी किशोर जीपपर्यंत सोडायला आला. आईने पाठवला म्हणून. मग तोच बोलला, पुढे बघत.

"आई तुझी नक्कल अंगणात करती. तू दुसऱ्या दिशी जाशील विमानानं, तुला काय फरक पडतो? तू केली ती कुठं केली? ते लोक मला तीन वर्सं नागली म्हणतात. त्यांच्या हातात तू माझी आई दिली."

मी म्हणालो, मला कळलं नाही तेव्हा.

"तेच तर," तो म्हणाला. "तू चुकीचं मराठी बोलला तर टाळ्या. मी चुकीचं बोललो तर नागली. दोघांनी पण शिकलेलंच ना? मी नाव दिलं होतं बोलायला, तुला ठावं होतं. 'तूच बोल' म्हणालो, तू लगेच हो म्हणाला. एकदा तरी 'तू बोल' म्हणायचं ना रं."

याला मी मोठ्या मनाचा म्हणालो होतो.

"मुलाखतीला ये," मी म्हणालो. "अजून नाव आहे."

"तू सांगतो म्हणून नाय येणार."

"मग?"

जीप आली. त्याने हात करून ती थांबवली. ड्रायव्हरला म्हणाला, "याला पुढं बसवा, मागं शेळ्या हायेत. माफी मागत बसंल."

एवढं एकच वाक्य तो माझ्यावर बोलला, पण मी ते पेठपर्यंत उशीखाली ठेवल्यासारखं जपत आलो.

१८ मार्च

मुलाखत अकराला. मी पावणेअकरापासून विभागाच्या व्हरांड्यात, नोटीस बोर्ड वाचायचं नाटक करत. त्यावर गेल्या वर्षीच्या सहलीची सूचना होती. ती आता मला तोंडपाठ आहे.

किशोर आला. इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघितलं, थांबला नाही.

दार बंद. आतलं शब्दन् शब्द ऐकू येत नव्हतं, पण आवाज येत होते. एकदम मोठ्याने हसण्याचा आवाज आला. बऱ्याच जणांचा. वाटलं, आत जावं. आत जाऊन काय करणार होतो? पुन्हा भाषण?

तो बाहेर आला तेव्हा स्नेहलही येऊन उभी होती. तिनेच विचारलं, "हसले कशाला?"

किशोर म्हणाला, "त्यांनी विचारलं, परदेशात भाषेची अडचण येईल, कसं करशील? मी म्हटलं, सर, मी पेठहून नाशकाला आलो तेव्हाच परदेशात आलो. ती अडचण काढली. आता दुसरी काढीन."

"मग?"

"बाकीचे हसले. मॅडम नाय हसल्या. त्यांनी विषयाबद्दल विचारलं, उसाच्या. अर्धा तास."

स्नेहल म्हणाली, "उद्या रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाड उघडते, रंगाने भरलेला हौदच. आम्ही सगळे जाणार आहोत." मग म्हणाली, "तू येशील, किशोर? मी विचारतेय."

"काम हाय," तो म्हणाला. मग दोन पायऱ्या उतरून वळला. "किती वाजता?"

१९ मार्च

रहाडीत मला किशोरने ढकललं. मागून, दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीने. जितकी गरज होती त्यापेक्षा जास्त ताकद होती. मला ते बरोबर वाटलं. रंग जात नाही आहे. कान अजून पिवळे आहेत.

२६ मार्च

किशोरची निवड झाली. मॅडमनी मला बोलावून सांगितलं आणि म्हणाल्या, "मी त्याला वर्गात तीन वर्षं बघतेय. आवाजच ऐकला नव्हता मी त्याचा."

खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावरून आजही कोणीतरी 'येष्टी' म्हणालं. मी वळून तिथे गेलो. वक्तृत्व काहीच सुचलं नाही. एवढंच म्हणालो, "ते माझं आहे. वाईट होतं. बंद कर." तो म्हणाला, "सेन्टी झाला काय बे?" सगळे माझ्यावर हसले. चालतं. भात वाढून घेतला, आज किशोरशेजारी बसून खाल्ला. तो सरकला नाही.

२८ एप्रिल

परवा विमान. बॅग भरतोय. भागीबाईने नागलीचं पीठ पाठवलंय, विमानतळावर काय म्हणून सांगू हा प्रश्न आहे. आई फोनवर विचारत होती, तो मुलगा काय खातो, त्याला पंखा लागतो का. मी सांगितलं, "तो काय खातो ते तो आल्यावर त्यालाच विचार."

दुपारी किशोर खोलीत आला. मार्चनंतर पहिल्यांदा. जुन्या खाटेवर बसला, म्हणाला, "तुमची भाषा शिकव थोडी. जून आला जवळ."

मी म्हटलं, आधी नाव सांगायला शीक. "मो आपेल किशोर."

"मो आपला किशोर."

"आपेल."

"मो आपला किशोर." तो अगदी गंभीर होता, पाठ ताठ, हात मांडीवर.

मला हसू फुटणार होतं. दात आवळून धरले. नाकातून तरी आवाज आलाच.

"हस ना," तो म्हणाला. "हसण्यासारखं असंल तर हस. इथं कोण बसलंय?"

मग दोघंही हसलो. तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा सांगितलं, पाचव्या-सहाव्या वेळी जमलं. 'मेर्सी' जमलं. 'की मान्येर', म्हणजे कसं काय, तेही जमलं. त्याने विचारलं, "हे बरोबरच शिकवतोय ना? चुकीचं शिकवलं तरी मला कळणार नाय."

"बरोबर शिकवतोय."

त्याने 'मेर्सी' पुन्हा एकदा घोकलं. मग म्हणाला, "तिकडं मी बोललो अन् लोक हसले, तर तू काय करशील?"

उत्तर तयार होतं. उत्तरं माझ्याकडे नेहमीच तयार असतात. हे तर शाल-श्रीफळाच्या लायकीचं होतं. मी तोंड उघडलं आणि ते गिळलं.

"माहीत नाय," म्हणालो.

"मंग विचार कर," किशोर उठत म्हणाला. "जूनपर्यंत टाइम हाय."